हेमाद्री पंडित

हेमाद्री पंडित ऊर्फ हेमाडपंत (तेराव्या शतकाचा उत्तरार्ध) हे देवगिरीच्या यादवांचे श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचे प्रमुख, तसेच धर्मशास्त्रकार व आयुर्वेदाचे टीकाकार होते. देवगिरी म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळचा आजचा दौलताबाद. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या ग्रंथावरील 'आयुर्वेदरसायन' ही टीका त्यांनी लिहिली. तुंबडीने रक्त काढण्याचे शास्त्र ज्या अध्यायांत आले आहे, त्यांचाही तीत समावेश होतो.

जीवन

हेमाद्री हे वत्स गोत्री ब्राह्मण असून त्यांच्या वडिलांचे नाव कामदेव होते. महादेव यादव (कारकीर्द इ.स. १२६१–१२७१) व रामचंद्र यादव (इ.स. १२७१–१३११) या दोन्ही राजांच्या काळात ते अधिकारपदावर होते. 'मुग्धबोध' या व्याकरणग्रंथाचे कर्ते बोपदेव यांना त्यांचा आश्रय होता. बोपदेवांचे वडील केशव हे वैद्य होते.

ग्रंथलेखन

व्रत, दान, तीर्थ, मोक्ष इत्यादी विषयांवरील 'चतुर्वर्गचिंतामणी' हा हेमाद्रींचा सर्वांत मोठा ग्रंथ होय. त्यानंतर ते वैद्यकाकडे वळले. व्रते आणि दाने पार पाडण्यासाठी आरोग्य आवश्यक असल्याने ही टीका रचली, असे कारण त्यांनी आरंभी दिले आहे. उपवास सांगणाऱ्या धर्मशास्त्रकाराने उपवास करणाऱ्या शरीराचीही जबाबदारी घेतली, हे या टीकेचे वेगळेपण होय. चरक, हारीत व सुश्रुत यांच्या मतांना अनुसरून त्यांनी अर्थ लावला आहे. सूत्रस्थानावरील टीका संपूर्ण, तर अन्य स्थानांवरील काही भागांपुरतीच उपलब्ध आहे.

तुंबडीचे शास्त्र

सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या व सव्विसाव्या अध्यायांत वाग्भटाने चोषणाची तीन साधने वर्णिली आहेत. शृंग म्हणजे शिंग. ते अठरा अंगुळे लांब असते. त्याचे तोंड तीन अंगुळांचे व टोकाचे छिद्र मोहरीएवढे असते. अलाबू म्हणजे वाळलेला पोकळ भोपळा. तो बारा अंगुळे लांब व अठरा अंगुळे घेराचा असून त्याच्या आत अग्नी पेटवून लावतात. घटी म्हणजे लहान घट. तिची रीतही अलाबूसारखीच असून ती गुल्मावरही उपयुक्त मानली आहे.

यांचा वापर सरसकट करावयाचा नसतो. अलाबू व घटी यांचा अग्नीशी संबंध येत असल्याने पित्ताने दूषित झालेल्या रक्तासाठी ती वर्ज्य असून कफ व वात यांच्या दोषात योग्य ठरतात. कफदूषित रक्त थिजलेले असल्याने ते शृंगाने काढू नये. वातपित्ताच्या दोषात मात्र शृंग वापरावे. एका जागी साचलेल्या रक्तासाठी त्वचेवर बारीक छेद, गाठाळलेल्या रक्तासाठी जळवा, बधिर झालेल्या भागासाठी शृंगादी साधने आणि सर्वांगात पसरलेल्या दोषासाठी शिरावेध, अशी विभागणी आहे. युनानी वैद्यकातील हिजामा ही याच्याशी साम्य असलेली पद्धती होय.

आख्यायिका व वारसा

मोडी लिपीचा प्रसार आणि बाजरीचे आगमन यांचे श्रेय परंपरा हेमाद्रींना देते. चुन्याविना रचलेल्या दगडी मंदिरांना हेमाडपंती म्हणतात. मात्र त्याच वर्गात गणले जाणारे अंबरनाथचे शिवमंदिर इ.स. १०६० मधील, म्हणजे त्यांच्या सुमारे दोन शतके आधीचे आहे. महानुभाव परंपरेत चक्रधरस्वामींच्या छळाशी त्यांचे नाव जोडले जाते.

यादवांचे राज्य इ.स. १३१७ मध्ये संपुष्टात आले. आयुर्वेदरसायन मात्र टिकून राहिले. मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने ते अरुणदत्ताच्या 'सर्वांगसुंदरा' टीकेसह प्रकाशित केले असून आयुर्वेदाच्या अध्ययनात त्याचा आजही उपयोग होतो.