मायकेल फॅरडे आणि थंडींतील पिवळे स्फटिक

इ. स. १७९१ च्या सप्टेंबर महिन्याच्या २२ व्या तारखेस लंडन शहराच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स येथें एका लोहाराच्या घरीं मायकेल फॅरडे यांचा जन्म झाला. बापाची प्रकृति नाजूक, खाणारीं तोंडें पुष्कळ. १८०१ सालच्या महर्गतेंत या मुलाच्या वांट्यास एक पाव येई व तो त्यास आठवडाभर पुरवावा लागे. वाचणें, लिहिणें आणि थोडेंसें गणित एवढ्यावर शाळा आटोपली. तेराव्या वर्षीं ते रीबो नांवाच्या पुस्तकविक्याकडे निरोप्या म्हणून लागले आणि पुढें सात वर्षें तेथेंच पुस्तकें बांधण्याचें काम शिकले. बांधावयास आलेलीं पुस्तकें ते वाचूनही काढीत. जेन मार्सेट या बाईंनीं रसायनशास्त्रावर लिहिलेलें संवादरूप पुस्तक त्यांस याच काळीं मिळालें.

१८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें दिलेल्या तिकिटांवर त्यांनीं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें सर हंफ्रे डेव्ही यांचीं चार व्याख्यानें ऐकिलीं. त्यांचीं टिपणें स्वच्छ उतरून, स्वतःच्या हातानें बांधून, तीं डेव्हीसाहेबांकडे धाडिलीं. पुढल्या वर्षीं मार्चांत प्रयोगशाळेंत साहाय्यकाची जागा मिळाली. पगार आठवड्यास २५ शिलिंग आणि माडीवर राहण्यास दोन खोल्या. नंतरच्या युरोपच्या प्रवासांत डेव्हीसाहेबांच्या पत्नीनें त्यांस चाकराप्रमाणें वागविलें. तो भाग आम्ही लांबवीत नाहीं.

आम्हांस मुख्यतः सांगावयाचें आहे तें १८२३ सालच्या हिवाळ्याविषयीं. क्लोरीन हा पिवळट हिरवा, विषारी वायु. कडक थंडींत तो पाण्यांत सोडिला म्हणजे फिकट पिवळे स्फटिक बनतात. पूर्वीं लोक त्यांसच घनरूप क्लोरीन समजत. परंतु त्यांत पाणीही असतें हें डेव्हीसाहेबांनीं १८१० च्या सुमारास दाखविलें होतें. नवल असें कीं, निव्वळ पाण्याचें बर्फ ० अंशावर वितळतें, तर हे स्फटिक सुमारें ९ अंशांपर्यंत टिकून राहतात! फॅरडे यांनीं त्यांचें पृथक्करण करून क्लोरीनच्या एका भागास पाण्याचे सुमारें दहा भाग असें प्रमाण काढिलें. आज तें सात-आठ धरितात. पण त्या काळच्या साधनांनीं इतकें जवळ जाणें कांहीं थोडें नव्हे.

हे स्फटिक बंद नळींत तापवून पाहावे, असें डेव्हीसाहेबांनीं सुचविलें. त्याप्रमाणें करितां नळींत तेलासारखा एक द्रव जमला. इतक्यांत डॉक्टर पॅरिस नांवाचे एक स्नेही आले आणि तेलकट नळी वापरल्याबद्दल त्यांनीं फॅरडे यांस टोंकिलें. फॅरडे यांनीं नळीचें टोंक कानशीनें घासतांच ती फुटली व तेल नाहींसें झालें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं डॉक्टरांस चिठ्ठी गेली: तें तेल म्हणजे द्रवरूप क्लोरीन होतें. अशाच दुसऱ्या एका नळीच्या स्फोटांत फॅरडे यांच्या डोळ्यांत शिरलेले कांचेचे तेरा तुकडे काढावे लागले.

पाणी आणि क्लोरीन यांचें हें गूढ काय, हें कळावयास पुढें शंभराहून अधिक वर्षें लागलीं. पाण्याचा प्रत्येक रेणु शेजारच्या चार रेणूंशीं हायड्रोजन बंधांनीं बांधलेला असूं शकतो. क्लोरीन, तेल किंवा तूप यांच्या रेणूंशीं असे बंध जुळत नाहींत. मग पाण्याचे रेणु आपसांतले बंध न तोडतां त्या पाहुण्याभोंवतीं अंग वळवून उभे राहतात. थंडींत व पुरेशा दाबाखालीं त्यांचे खरेखुरे पिंजरे बनतात. क्लोरीनचे पिंजरे पॉलिंग व मार्श यांनीं १९५२ सालीं क्ष-किरणांनीं दाखविले. कोणास २० रेणु, कोणास २४. साध्या वाहत्या पाण्यांत असें बर्फ नसतें. मात्र त्या रेणूंस वळण्याफिरण्याची मोकळीक कमी होते. दोन थेंब एक झाले कीं पाण्यास लागणारी कड कमी होते व कांहीं रेणु मोकळे सुटतात. वरणावर तुपाचे थेंब एकमेकांस मिळून मोठे होतात त्याचें मुख्य कारण हेंच. अशा पदार्थांस जलद्वेष्टे म्हणण्याची रीत आहे. आम्हांस ती अन्यायाची वाटते, कारण द्वेष तेथें कोणीच करीत नाहीं.

आपल्या हिंगोली जिल्ह्यांतून जाणारी कयाधू पैनगंगेस मिळते आणि तें पाणी शेवटीं गोदावरींतून समुद्रास जातें. त्याच कृष्णा-गोदावरींच्या मुखांसमोर, समुद्राच्या तळाखालीं, २००६ सालीं मिथेन वायूचे असेच पिंजरे सांपडले. बाळापूरच्या मुलांस हा धागा फार दूरचा वाटूं नये.

आतां श्रेयाची गोष्ट. फॅरडे यांच्या निबंधास डेव्हीसाहेबांनीं आपली टीप जोडून कल्पना आपली असल्याचें सूचित केलें. आमच्या मतें त्यांचा हक्क सर्वस्वीं खोटा नव्हता; परंतु पुढें जें झालें तें त्यांस शोभलें नाहीं. रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं फॅरडे यांचें नांव निघालें, तेव्हां अध्यक्ष या नात्यानें डेव्हीसाहेबांनींच विरोध केला. ज्यांनीं हात देऊन वर घेतलें, तेच आडवे आले. तरी १८२४ च्या जानेवारींत निवड झाली. विरुद्ध एकच मत पडलें. फॅरडे यांनीं भांडण वाढविलें नाहीं. उलट, नॉर्थमोर यांनीं १८०५ च्या सुमारासच क्लोरीन द्रवरूप केला होता, हें जुन्या कागदांवरून शोधून त्यांनीं स्वतःच प्रसिद्ध केलें.

१८२५ सालीं दिव्यांसाठीं दाबून भरलेल्या वायूच्या तेलकट गाळांतून त्यांनीं बेंझीन वेगळें काढिलें. तेंही पाण्याशीं फटकून असणारें. एका लिटर पाण्यांत पावणेदोन ग्रॅमच्या आसपासच विरघळतें. १८३१ सालचा विजेचा शोध सर्वांस ठाऊक आहेच. मुलांसाठीं नाताळांत ते व्याख्यानें देत. त्यांत मेणबत्तीवरचीं विशेष गाजलीं.

सँडमेनियन नांवाच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे ते वडील होते. सर ही पदवी त्यांनीं नाकारली, आणि ज्या सोसायटीचें दार एकदां अडविलें गेलें होतें तिचें अध्यक्षपदही नाकारलें. १८६७ च्या ऑगस्टच्या २५ व्या तारखेस हॅम्पटन कोर्ट येथील घरीं खुर्चींत बसले असतांच त्यांचा प्राण गेला. हायगेटच्या कबरस्थानांतील त्यांच्या दगडावर नांव आणि दोन तारखा एवढेंच कोरलेलें आहे.