कलागुरू नारायण श्रीधर बेंद्रे

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या एका मराठी माणसाने देशातील कलाशिक्षणास केवढे वळण लावले, हे पाहावयाचे तर नारायण श्रीधर बेंद्रे यांचे चरित्र डोळ्यांपुढे आणावे. त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे झाला. तेथेच दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली त्यांचा हात व डोळा तयार झाला. मुंबईची कलापदविका त्यांनी मिळविली आणि बी.ए.ही केले, कारण त्या काळी कला एकीकडे व विद्यापीठ दुसरीकडे अशीच विभागणी होती.

१९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा निघाली आणि ही दरी बुजू लागली. चित्रकलेच्या विभागाची धुरा बेंद्रे यांच्याकडे आली. १९५९ साली ते अधिष्ठाते झाले. निसर्गचित्रापासून घनवाद व अमूर्त शैलीपर्यंत ते स्वतः सतत प्रयोग करीत राहिले. मात्र आपली शैली त्यांनी विद्यार्थ्यांवर लादली नाही. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाममोहम्मद शेख हे त्यांचे शिष्य; परंतु एकाचे चित्र दुसऱ्यासारखे नाही. यातच गुरूचे मोठेपण आहे. १९६६ साली त्यांनी पद सोडले. १९६९ साली पद्मश्री व १९९२ साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. १९९२ च्याच फेब्रुवारीत ते निवर्तले.

मालवीय नगरातील आम्हां मराठी पालकांना या चरित्रातून एवढे उमगावे, की वहीच्या समासात चित्रे काढणारे आपले मूल पाहावयास शिकत असते आणि तोही अभ्यासच होय.