अठ्ठावन्न दिवसांचा प्रवास

मुंबईहून न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाने सोळा तासांच्या आसपास लागतात. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली कोलकात्याहून आगबोटीने निघाल्या, तेव्हा न्यूयॉर्क गाठायला त्यांना अठ्ठावन्न दिवस लागले. ७ एप्रिलला निघाल्या, ४ जूनला पोहोचल्या. वय अवघे अठरा. सोबत ना नवरा, ना नातेवाईक.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना, गाव कल्याण. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव टपाल खात्यात होते. शिकलेच पाहिजे असा त्यांचा हट्ट. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. बायकांना तपासायला बाईच डॉक्टर हवी, हे त्या दुःखातून आनंदीबाईंच्या मनाने घेतले.

अमेरिकेत कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरच्यासारखे सांभाळले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री विभागाची जबाबदारीही ठरली होती. पण शिकत असतानाच प्रकृती ढासळली होती. कडाक्याची थंडी, अपुरा आहार, अभ्यासाचा ताण आणि त्यात क्षयरोग. १८८६ च्या अखेरीस पुन्हा समुद्रमार्गेच त्या परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती आणि कोल्हापूरचे काम सुरूच होऊ शकले नाही.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्येच शोधला होता. म्हणजे आनंदीबाई निघाल्या तेव्हा रोगाचे कारण कळले होते, उपाय मात्र नव्हता. स्ट्रेप्टोमायसीन हे पहिले परिणामकारक औषध १९४३ मध्ये सापडले.

आज उपाय आहे. नेहमीचा क्षयरोग बहुधा सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. तरीही आमच्या वडसा भागात रुग्ण उशिराच येतात. मिरची तोडायला तेलंगणात गेलेला मजूर खोकला घेऊन परततो, महिनाभर खोकल्याच्या बाटल्या पितो आणि वजन उतरल्यावर दवाखान्यात येतो. तोवर घरातल्या लेकराबाळांनाही लागण झालेली असू शकते.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असेल तर थुंकी तपासून घ्या. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. खोकताना तोंडावर रुमाल धरा. संसर्गाचा धोका टळल्याचे डॉक्टर सांगत नाहीत तोवर विमानाचा, विशेषतः आठ तासांहून लांबचा प्रवास टाळा.

आनंदीबाईंना जे औषध मिळाले नाही, ते आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आहे. तिथवर जायला उशीर करू नका.