सर दोराबजी टाटा : पोलाद कारखान्यामागचे भांडवल

ऑगस्ट १९०७ च्या अखेरीस मुंबईच्या फोर्ट भागातील नवसारी बिल्डिंगमध्ये असलेल्या टाटांच्या कचेरीबाहेर माणसांची रीघ लागली होती. तरुण आणि वृद्ध, श्रीमंत आणि मध्यमवर्गीय, स्त्रिया आणि पुरुष असे सारेच आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे घेऊन आले होते. भारतात तोवर नीट उभ्याही न राहिलेल्या एका उद्योगाचे समभाग त्यांना हवे होते. अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार गुंतवणूकदारांनी टाटा आयर्न अँड स्टील कंपनीचे २ कोटी ३१ लाख ७५ हजार रुपयांचे भांडवल पूर्ण केले. या यशामागे स्वदेशीच्या चळवळीची लाट होती, तशीच अनेक वर्षांची शिस्तबद्ध पूर्वतयारीही होती. ही तयारी तडीस नेणारे गृहस्थ म्हणजे जमशेटजी टाटांचे ज्येष्ठ पुत्र सर दोराबजी टाटा.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईत झाला. केंब्रिज येथे काही काळ शिक्षण घेतल्यावर ते मायदेशी परतले आणि १८८२ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाले. त्यानंतर 'बॉम्बे गॅझेट' या वृत्तपत्रात त्यांनी सुमारे दोन वर्षे पत्रकारिता केली. १८८४ मध्ये ते वडिलांच्या कापूस व्यवसायात दाखल झाले.

पोलादाचे स्वप्न मूळचे जमशेटजींचे. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजाचा एका जर्मन तज्ज्ञाने लिहिलेला अहवाल त्यांच्या वाचनात आला, तेव्हापासून हा विषय त्यांच्या मनात घर करून होता. १९०२ मध्ये ते अमेरिकेला गेले. काटेकोर सर्वेक्षण झाल्याखेरीज कारखान्याचा विचारही करू नये आणि या सर्वेक्षणालाच मोठा खर्च येईल, असा सल्ला तेथील अभियंत्यांनी त्यांना दिला. जमशेटजींनी तो मानला आणि न्यूयॉर्कचे सल्लागार अभियंता चार्ल्स पेज पेरिन यांच्यावर काम सोपवले. पेरिन यांचे सहकारी भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड भारतात आले.

शोधाची सुरुवातच निराशेने झाली. लोहाऱ्याचे खनिज उत्तम होते, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतके नव्हते. जवळच्या वरोऱ्याचा कोळसाही पोलादासाठी उपयोगी नव्हता. वेल्ड परतीच्या विचारात असताना नागपूरच्या संग्रहालयातील एका भूगर्भीय नकाशाकडे दोराबजींचे लक्ष गेले. दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाची खूण त्यावर ठळक होती. तेथील डोंगरांत खनिज विपुल निघाले. मात्र योग्य कोळसा आणि पाणी जवळपास नव्हते. याच सुमारास, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले. हाती कारखाना नव्हता, जागा नव्हती. सर्वेक्षणाचा खर्च मात्र चालूच होता. तरीही दोराबजी मागे हटले नाहीत.

भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातील खनिजाची माहिती टाटांना कळवली होती. त्यानुसार गोरुमहिसाणीच्या टेकड्यांची पाहणी झाली. खनिज भरपूर, झरियाच्या कोळसाखाणी आवाक्यात आणि सुवर्णरेखेसारखी नदी त्याच परिसरात, असा मेळ अखेर जमला. माल घेणार कोण, या प्रश्नाचे उत्तरही शोधले गेले. दहा वर्षे दरसाल २० हजार टन पोलादी रूळ खरेदी करण्याचे आश्वासन सरकारकडून मिळाले. खनिज, कोळसा, पाणी आणि ग्राहक या चारही बाबी कागदावर सिद्ध झाल्यावरच दोराबजींनी भांडवलासाठी हात पुढे केला.

त्यांनी प्रथम लंडनचे दार ठोठावले. मोठे भांडवल तेथेच मिळते, असा त्या काळचा समज होता. परंतु तेथील नाणेबाजारात तेव्हा टंचाई होती आणि जे पैसे द्यायला तयार होते, त्यांना कंपनीचे नियंत्रणही हवे होते. ते मान्य केले असते तर कारखाना उभा राहिला असता, पण तो टाटांचा किंवा भारतीयांचा उरला नसता. दोराबजी मुंबईला परतले. २६ ऑगस्ट १९०७ रोजी कंपनीची नोंदणी झाली आणि भारतीय जनतेला समभाग घेण्याचे आवाहन करण्यात आले. पुढे खेळत्या भांडवलासाठी कर्जरोखे काढले, तेव्हा ४ लाख पौंडांची ती सारी रक्कम ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी दिली. साकची येथील कारखान्यात डिसेंबर १९११ मध्ये पहिले लोखंड आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिले पोलाद तयार झाले. आजचे जमशेदपूर ते हेच.

लोकांकडून पैसा घेणे एक आणि त्याची जबाबदारी निभावणे दुसरे. पहिल्या महायुद्धानंतर विस्ताराचा खर्च वाढत गेला, परदेशी स्वस्त पोलादाने बाजार व्यापला आणि १९२४ मध्ये कंपनी बुडण्याच्या बेतात आली. पगारालाही पैसे उरले नाहीत. तेव्हा दोराबजींनी सुमारे १ कोटी रुपयांची खासगी मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवली. पत्नी मेहेरबाईंचे दागिनेही त्यात होते. बँकेने कर्ज दिले आणि कंपनी सावरली. त्याच वर्षी पोलाद उद्योगाला संरक्षण देणारा कायदाही झाला.

१९३२ मध्ये दोराबजींनी आपली संपत्ती विश्वस्त निधीला अर्पण केली आणि त्याच वर्षी ३ जून रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. या निधीतूनच १९४१ मध्ये मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. नवा उद्योग घेऊन गुंतवणूकदारांकडे जाणाऱ्यांसाठी त्यांच्या चरित्राचा धडा साधा आहे : पैसे मागण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तयार असावे आणि पैसे घेतल्यावर संकटात सर्वप्रथम स्वतःची तिजोरी उघडण्याची तयारी असावी.