पडद्याआडच्या बायकांची वकील : कॉर्नेलिया सोराबजी

बेळगावशी नाते असलेल्या माणसांच्या गप्पा निघाल्या की इंदिरा संतांचे नाव येतेच, आणि राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवून गेलेल्या पु. लं. चा किस्साही कोणीतरी सांगतो. कॉर्नेलिया सोराबजी हे नाव मात्र आमच्या बैठकीत आम्ही फार उशिरा ऐकले, आणि ऐकले तेव्हा निम्म्या जणांना वाटले की या बाई मुंबईच्या किंवा विलायतेच्या असाव्यात. त्यांचा जन्म नाशिकचा, १५ नोव्हेंबर १८६६ चा. बालपणाची पहिली वर्षे आपल्या बेळगावात गेली, पुढची पुण्यात. त्यांचे नाव आपल्याकडे का घेतले जात नाही, त्यालाही कारणे आहेत. ती लपवायची नाहीत असे ठरवूनच हा लेख लिहायला घेतला.

वडील सोराबजी खरसेटजी मूळचे पारशी. त्यांनी तरुणपणी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे मिशनचे काम केले. आई फ्रान्सिना यांना एका इंग्रज दांपत्याने मुलीसारखे वाढवले होते. फोर्ड हे त्यांचे आडनाव, आणि त्या घरच्या बाईंचे नाव कॉर्नेलिया, तेच लेकीला ठेवले. फ्रान्सिनाबाईंनी पुण्यात शाळा काढल्या. घरात मुलींची रांग होती, आणि मुलगी म्हणून शिक्षणात कोणाला मागे ठेवायचे नाही अशी त्या घरची रीत होती.

घरी अडल्यानडल्या बायकांची सतत ये-जा असे. त्यातल्या एकीची गोष्ट कॉर्नेलियाबाईंनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवली आहे. बाई गुजरातेकडची, विधवा, पैशाला तोटा नाही, पण पडद्यात राहणारी. व्यवहार सगळा कारभाऱ्याच्या हाती. त्याने एका कागदावर तिची सही घेतली आणि मालमत्ता गेली. आपण कशावर सही केली हे तिला कळले तेव्हा उशीर झाला होता. कायदा तिच्या विरुद्ध होता असे नाही. पण वकील म्हटले की पुरुष, आणि परक्या पुरुषासमोर ती येणार नाही. मग तिचे म्हणणे कायद्यापर्यंत न्यायचे कोणी? हा प्रश्न त्या लहान मुलीच्या डोक्यात जो बसला तो जन्मभर.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या. वर्गात एकटीच मुलगी. काही मुलगे तिच्या तोंडावर दारे लावून घेत. ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर ठरली. या यशावर विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती, पण ती स्त्रीला देता येत नाही असे ठरले. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवले. म्हणजे ज्या वयाच्या मुलांनी दारे लावली त्याच वयाच्या मुलांना त्या इंग्रजी शिकवत होत्या. दरम्यान लॉर्ड हॉबहाउस यांच्या पत्नी मेरी आणि इतरांनी इंग्लंडात वर्गणी जमवली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हातभार होता.

१८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या समरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. हे साल आम्हाला नेहमी थांबवते. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले आणि त्याच वर्षी रखमाबाई डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला निघाल्या. आपल्या भागाशी जोडलेल्या तीन बायका, तिघींच्या वाटा वेगळ्या, आणि तिघींवरही आपल्याच लोकांनी टीका केली.

ऑक्सफर्डला कायदा शिकायला बसलेली ही पहिली स्त्री. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी त्यांना आधार दिला. ऑल सोल्स कॉलेजच्या कॉडरिंग्टन ग्रंथालयात त्यांना वाचायला मुभा मिळाली, तीही तोवर कोणा स्त्रीला मिळाली नव्हती. १८९२ मध्ये बी.सी.एल. या कायद्याच्या परीक्षेला बसण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. परीक्षा दिली, उत्तीर्णही झाल्या, पण पदवी नाही. स्त्रियांना पदवी देण्याचा नियमच नव्हता. ती पदवी हातात पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी. लंडनमध्ये ली अँड पेंबर्टन या सॉलिसिटरांच्या कचेरीत त्यांनी कागदपत्रांचे कामही शिकून घेतले. सॉलिसिटर होण्याची सोय तेव्हा बाईला नव्हतीच.

भारतात परत आल्यावरची पाच-सात वर्षे सांगताना हसावे की चिडावे कळत नाही. काठेवाड आणि इंदूर या एजन्सींमधल्या संस्थानी बायकांसाठी ब्रिटिश एजंटापुढे अर्ज-कैफियती मांडायची त्यांना खास परवानगी मिळाली. इंदूरच्या आमच्या मंडळींनी हे लक्षात ठेवावे. पण बाजू लढवायला लागते ती सनद नव्हती. १८९६ साली पुण्यात एका खुनाच्या खटल्यात त्यांनी आरोपीची बाजू मांडली, कारण फौजदारी कायद्यात न्यायालयाच्या परवानगीने कोणाही व्यक्तीला उभे राहता येत होते, आणि बाई ही व्यक्ती नाही असे तिथे कोणी लिहून ठेवले नव्हते. मग मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. परीक्षा, मग अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा. दोन्ही उत्तीर्ण. हायकोर्टाने नाव नोंदवायला नकार दिला.

याच काळातला हत्तीचा खटला त्या रंगवून सांगत. पंचमहालातल्या एका संस्थानात जुन्या राजाने हत्तीला लावून दिलेले उत्पन्न नव्या राजाने काढून घेतले. कॉर्नेलियाबाई हत्तीची बाजू घेऊन गेल्या. राजेसाहेबांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला, कारण राजाच्या कुत्र्याला ही वकीलबाई आवडली होती. गोष्ट गमतीची आहे, पण असे जिंकणे त्यांना पटणारे नव्हते. कुत्र्याच्या मर्जीवर मिळालेला न्याय उद्या त्याच मर्जीवर जाऊ शकतो.

१९०२ पासून त्यांनी सरकारकडे एकच गोष्ट लावून धरली : पडदानशीन बायकांसाठी सरकारने स्त्री कायदा-सल्लागार नेमावा. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने ती नेमणूक केली. पुढे बिहार, ओरिसा आणि आसाम हा मुलूखही त्यांच्याकडे आला.

कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय हे काम कळणार नाही. जमीनदार वारला, वारस अज्ञान असला किंवा मालकीण बाई असून तिला कारभार झेपणार नाही असे ठरले, की सरकार ती जमीनदारी आपल्या देखरेखीखाली घेई. वसुलीला व्यवस्थापक, वर कलेक्टर. बंगालात दायभाग पद्धती असल्यामुळे नवरा निपुत्रिक गेला तर त्याचा हिस्सा विधवेकडे येई, तिच्या हयातीपुरता. म्हणजे नावावर मोठी मालमत्ता, आणि ती बाई मात्र अंतःपुराच्या दोन खोल्यांत. भोवती दीर, पुतणे, दिवाणजी, उपाध्ये. सगळ्यांचे लक्ष तिच्या शिक्क्यावर. कलेक्टरला तिचे म्हणणे कळायचे ते दाराबाहेरच्या माणसाकडून, आणि तो माणूस कोणाचा, हे कलेक्टरला ठाऊक नसे.

कायद्याने तिला दोन गोष्टी दिल्या होत्या. तिला न्यायालयात हजर राहण्याची सक्ती नव्हती. आणि तिची सही असलेला कागद पुढे करणाऱ्यालाच सिद्ध करावे लागे की तिला तो नीट समजावून सांगितला होता आणि तिने समजून सही केली. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हा दंडक पुन्हापुन्हा सांगितला. पण समजावून सांगणार कोण, हा प्रश्न उरलाच. कॉर्नेलियाबाईंचे काम नेमके तिथे सुरू होई.

आगगाडी, पालखी, होडी, कधी हत्ती, असे प्रवास करत त्या वाड्यावर पोचत. बायकांशी बोलण्यात पहिले काही तास सासर-माहेर, देवधर्म, मुलांची दुखणी. कागदाचा विषय नंतर. अन्नवस्त्र थकले आहे का, दत्तकाचा वाद कुठवर आला, अज्ञान वारसाला कोण शिकवते, त्याच्या जिवाला धोका आहे का, दोन सवतींमध्ये वाटणी कशी करायची. सगळे ऐकून त्या वरिष्ठांकडे अहवाल लिहीत. बऱ्याच वेळा दावा लावण्याऐवजी दोन्ही बाजूंना एका चटईवर बसवून त्या समेट घडवत, कारण दावा म्हणजे वीस वर्षे आणि वकिलांची धन, हे त्यांना पक्के ठाऊक होते. वीस वर्षांत सहाशेच्या आसपास बायका आणि पोरक्या मुलांना त्यांची मदत झाली असे मानतात. १९०९ मध्ये कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले.

अधिकार मात्र तुटपुंजा होता. सल्ला द्यायचा, अहवाल लिहायचा. हुकूम करायचा तो साहेबाने. अधिकाऱ्यांशी त्यांचे खटके उडत. आणि ज्या बाईसाठी धावायचे तिचा दावा कोर्टात उभा राहिला तर बोलणार दुसरेच कोणी.

इथे आम्हाला आपल्याच घरातली एक गोष्ट आठवते. वडील गेल्यावर भाऊ बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतो. चहा होतो, बहीण सही करते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा दिला आहे, हे कधी कोणी सांगते, कधी नाही. तिने स्वखुशीने सोडले तर तो तिचा प्रश्न. पण तिला तो कागद भावाखेरीज दुसऱ्या कोणी वाचून दाखवला होता का? शिवाय आपल्या सीमाभागात कागद ज्या लिपीत येतो ती घरातल्या म्हाताऱ्या बाईला वाचता येतेच असे नाही. मंडळातल्या वकील सभासदांनी महिन्यातून एक संध्याकाळ यासाठी द्यावी असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे आहे. पुढच्या सभेत ते मांडूच.

पहिल्या महायुद्धानंतर बंद दारे एकेक करून उघडली. कलकत्त्यात रेजिना गुहा यांना १९१६ मध्ये नकार मिळाला होता, पण १९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलियाबाईंचे नाव वकील म्हणून नोंदवले, आणि १९२३ च्या कायद्याने देशभर स्त्रियांना वकिलीची मुभा मिळाली. १९२४ मध्ये कलकत्त्यात त्यांनी वकिली सुरू केली तेव्हा वय सत्तावन्न. खटले मिळेनात. बहुतेक काम कायदेशीर मते लिहून देण्याचे. न्यायाधीशासमोर उभे राहून बोलायचे भाग्य फार थोडे. ज्यासाठी तीस वर्षे झगडल्या ते हाती आले आणि हातात राहिले नाही.

आता ती न लपवायची गोष्ट. कॉर्नेलियाबाई इंग्रजी राज्याच्या पक्क्या बाजूच्या होत्या. गांधीजींची चळवळ त्यांना घातक वाटे. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो यांचे 'मदर इंडिया' निघाले आणि सारा देश संतापला, तेव्हा या बाई मेयोंच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्याची किंमत मोजावी लागली. ज्या सुशिक्षित स्त्रियांना बरोबर घेऊन त्या समाजकार्य करू पाहत होत्या, त्यांनी पाठ फिरवली. पडद्याची चाल कायद्याने मोडावी असेही त्यांना वाटत नसे; शिक्षण आधी, कायदा मागाहून, असे त्यांचे मत. आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले की अशा बाईंवर लेख कशाला. प्रश्न रास्त आहे. इतकेच सांगतो की त्यांचे राजकारण आम्हालाही पटत नाही. त्यांची चूक आम्हाला अशी दिसते : ज्या सरकारने एका विधवेच्या वाड्याचे दार त्यांना उघडून दिले, त्याच सरकारने त्यांना स्वतःला तीस वर्षे कोर्टाच्या दाराबाहेर ठेवले, आणि यातली दुसरी गोष्ट त्यांनी त्याच्या खात्यावर कधी नीट मांडली नाही.

१९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला राहू लागल्या. आठवणींची दोन पुस्तके लिहिली, 'इंडिया कॉलिंग' १९३४ मध्ये आणि 'इंडिया रिकॉल्ड' १९३६ मध्ये. ६ जुलै १९५४ रोजी त्या लंडनमध्येच वारल्या. हिंदू विधवेला हयातीपुरता नव्हे तर पूर्ण मालकीचा वारसा देणारा कायदा दिल्लीत झाला तो दोन वर्षांनी, १९५६ मध्ये.

२०१२ साली लंडनच्या लिंकन्स इनमध्ये त्यांचा अर्धपुतळा बसवला. पुतणे रिचर्ड सोराबजी हे तत्त्वज्ञानाचे मोठे अभ्यासक. त्यांनी आपल्या आत्याचे चरित्र लिहिले आहे. रोजनिशा, पत्रे आणि कागदपत्रे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अंतःपुरातल्या चटईवर बसून ऐकलेल्या त्या बायकांची हकिगत त्या कागदांत आहे.