कुलाब्याचे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस



आपली आडनावे जरा डोळ्यांसमोर आणा. रोहेकर, पेणकर, चेऊलकर, किहीमकर, नवगावकर, आष्टमकर, तळकर. ही सारी कुलाबा जिल्ह्यातील गावे आपण समुद्रापलीकडे घेऊन आलो आणि आज ती लोद, दिमोना, अश्दोद, बेरशेवा येथील घरांच्या दारांवर हिब्रू अक्षरांत लागली आहेत. सरकारने १९८१ साली त्या जिल्ह्याचे नाव रायगड केले, आणि ते योग्यच झाले. तरी आमच्या पिढीच्या तोंडी अजून कुलाबाच येते. त्याच कुलाब्यातील एका तरुणाची हकिगत आज आम्ही लिहावयास घेतली आहे. तो आपल्या धर्माचा नव्हता. आपल्या मातीचा मात्र पुरेपूर होता, आणि ज्या शत्रूशी लढताना तो पडला तो शत्रू आपला होता.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव-आमडोशी येथे झाला. माणगाव म्हणजे मुंबई-गोवा रस्त्यावरचे गाव. तेथून रायगड किल्ल्याकडे वाट जाते. पावसाळ्यात चार महिने भाताच्या खाचरांत चिखल तुडवावयाचा आणि उरलेले आठ महिने पोटाची सोय पाहावयाची, हा तेथला रिवाज आपल्याला सांगावयास नको. कोकणातल्या पोराला त्या काळी दोनच वाटा ठाऊक असत. एक मुंबईच्या गिरणीची, दुसरी पलटणीची. घरी येणारी मनिऑर्डर कोणत्या वाटेने येते, यावरून घराची ओळख ठरे. यशवंतरावांनी दुसरी वाट धरली व ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये दाखल झाले.

या पलटणीचा थोडा इतिहास सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. १९२२ साली जुन्या मराठा पलटणी एकत्र करून ही रेजिमेंट उभारण्यात आली. तिसरी बटालियन म्हणजे पूर्वीची ११० वी मराठा. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूत येथे तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात ही पलटण अडकली होती. १९१६ च्या एप्रिलमध्ये अन्न संपून शरणागती झाली तेव्हा तिचे जे जवान जिवंत होते ते कैदेत गेले, आणि त्यांतील कितीतरी परत आले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४१ मध्ये, हीच बटालियन एरिट्रियातील केरनच्या डोंगरांवर इटालियन फौजेशी लढली. सरळ उभ्या कड्यांवर वरून गोळीबार होत असताना मराठ्यांनी शिखर घेतले. सह्याद्रीत वाढलेल्या पायांना डोंगराचे भय कसले! त्या वेळी बटालियनचे कमांडर लेफ्टनंट कर्नल रीड हे होते. पुढे ते जर्मनांच्या हाती सापडले, इटलीतील कैदेतून निसटले आणि १९४४ साली मेजर जनरल होऊन त्याच इटलीत १० व्या हिंदी डिव्हिजनचे प्रमुख म्हणून उतरले. त्यांची जुनी बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती.

आपल्या लोकांचा पलटणीशी संबंध किती जुना आहे, हे तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. सुभेदार सामुएल एझिकेल दिवेकर, म्हणजे आपले सामाजी हसाजी, टिपूच्या कैदेतून सुटून आले व १७९६ साली त्यांनी मुंबईत शाअर हारहामीम सिनेगॉग बांधले, हे तर आपल्या घराघरांत सांगितले जाते. त्यांच्यानंतर शंभर वर्षे बेने इस्राएल तरुण मुंबईच्या लष्करात होते, आणि सुभेदार, सुभेदार मेजर, सरदार बहादूर अशा पदव्या आपल्या लहानशा समाजाने संख्येच्या मानाने फार मोठ्या प्रमाणात मिळविल्या. पुढे सरकारने जातवार कंपन्या करण्याचे धोरण धरले. आपली संख्या कंपनी भरण्याइतकी नसल्याने ती वाट बंद होत गेली, आणि लेखणी हाती घेऊन आपण रेल्वेत, पोस्टात, इस्पितळांत आणि शाळांत गेलो. घाडगे यांच्या काळात पलटणीच्या रांगेत आपले लोक तुरळकच उरले होते. पण त्यांच्या हातातील बंदुकीची परंपरा आपल्याला परकी नाही, एवढेच आमचे म्हणणे.

४ जून १९४४ रोजी रोम शहर दोस्तांच्या हाती आले. जर्मन सेना पळाली नाही. ती उत्तरेकडे पायरीपायरीने मागे सरत होती आणि प्रत्येक टेकडीवर, प्रत्येक वळणावर मशिनगन मांडून बसत होती, जेणेकरून उत्तरेकडील पक्की तटबंदी पुरी करावयास तिला सवड मिळावी. आठव्या आर्मीतील १० व्या हिंदी डिव्हिजनच्या वाट्याला टायबर नदीचे वरचे खोरे आले. पेरूजिया प्रांतातील हा मुलूख टेकड्यांचा, द्राक्षमळ्यांचा आणि डोंगरमाथ्यावर वसलेल्या जुन्या दगडी गावांचा आहे. अशा जागी रणगाडे फारसे कामास येत नाहीत. शेवटी पायदळाच्या शिपायालाच चढून जावे लागते.

सोमवार, १० जुलै १९४४. नाईक घाडगे यांच्या हाताखाली एक सेक्शन होते. सेक्शन म्हणजे आठ-दहा जवानांची तुकडी, पलटणीतील सर्वांत लहान. हल्ल्यात पुढे जात असता अगदी जवळून मशिनगनचा जोराचा मारा सुरू झाला व क्षणार्धात सारे सेक्शन कोसळले. कोणी ठार झाले, कोणी जखमी. उभे राहिले ते एकटे घाडगे. मागे वळून आडोसा घेतला असता तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती, कारण आज्ञा द्यावयास माणूसच उरला नव्हता. ते सरळ त्या ठाण्यावर धावून गेले. पहिल्या हातबॉम्बने मशिनगन व ती चालविणारा दोन्ही निकामी झाले. दुसऱ्या जर्मनाला त्यांनी टॉमीगनने टिपले. मॅगझीन संपले, नवे भरावयास वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने त्यांनी उरलेल्या दोघांना जागीच मारले. ठाणे हाती आले. परंतु आजूबाजूला दडलेल्या जर्मन नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत घुसल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. वय वर्षे बावीस.

हे वाचावयास भीषण वाटते, आणि आहेच. आम्ही ते गुळगुळीत करून सांगणार नाही. पण त्याच आठवड्याचे दुसरे एक चित्र आपण शेजारी ठेवले पाहिजे. १५ मे पासून ९ जुलै १९४४ पर्यंत हंगेरीतून आपले चार लाख तीस हजारांहून अधिक धर्मबंधू आगगाड्यांत कोंडून नेण्यात आले, बहुतेक सारे आउशविट्झला. शेवटच्या गाड्या निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी घाडगे टायबरच्या खोऱ्यात पडले. त्यांना त्या गाड्यांची वार्ता असण्याचे काही कारण नव्हते. ज्या सत्तेच्या त्या गाड्या होत्या, त्याच सत्तेच्या मशिनगनवर माणगाव तालुक्याचा हा तरुण धावून गेला.

नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हे पदक १८५६ साली सुरू झाले, पण हिंदी शिपायाला ते मिळण्याची सोय १९११ च्या दिल्ली दरबारात झाली. त्यापूर्वी आपल्या शिपायांनी कितीही शौर्य गाजविले तरी या पदकाचे दार त्यांना बंदच होते. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतील ६ हिंदी सैन्याकडे आले. त्या सहांपैकी दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे. दुसरे मानकरी नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्याचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून पाण्यातून व सुरुंगांतून मागे आणले, पुन्हा परत जाऊन मशिनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. जाधव जगले व १९८४ साली वारले. त्याच वसंतात त्याच सेनिओच्या काठी आठव्या आर्मीत आणखी एक दल लढत होते, खांद्यावर मागेन दावीद लावलेली ज्यूइश ब्रिगेड. एरेत्स इस्राएलचे स्वयंसेवक आणि मराठी मुलखाचे शिपाई एकाच नदीवर एकाच शत्रूसमोर उभे होते. आमच्या नातवंडांना त्रुम्पेलदोर ठाऊक आहे, ब्रिगेडही ठाऊक आहे. हे दुसरे मात्र आपणच सांगावयास हवे.

मायदेशी काही मंडळी म्हणतात की हे शिपाई इंग्रजांचे चाकर, त्यांचे कौतुक कशाला? १९४४ साली नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान होते, ही गोष्ट खरी. तो लढा मोठा होता आणि त्यातील कोणाचेही मोठेपण आम्ही कमी करीत नाही. पण इटलीत पडलेले ५,७८२ हिंदी जवान म्हणजे केवळ पगारासाठी मेलेली माणसे, असे म्हणणे आम्हांस पटत नाही. शेजारचा सोबती पडल्यावर पुढे धावणाऱ्याला पगार आठवत नसतो. आमच्या शाळेच्या पुस्तकात तानाजी होते, बाजीप्रभू होते, आणि ते असावेतच. यशवंत घाडगे नव्हते. स्वातंत्र्यानंतर इंग्रजांना त्यांची गरज उरली नाही आणि आपल्याकडे त्यांना कोणत्या रांगेत बसवावे हे ठरेना, म्हणून असे वीर मधल्या मध्ये राहून गेले. महाराष्ट्राचा अभिमान सांगताना आपण किल्ले सांगतो, संत सांगतो, नाटके सांगतो. ही नावेही त्यांत घालावी.

घाडगे यांची कबर नाही, कारण हिंदू धर्माप्रमाणे त्यांना अग्नी देण्यात आला. इटलीच्या पूर्व किनाऱ्याजवळ सांग्रो नदीच्या युद्धस्मशानभूमीत अशा पाचशेहून अधिक हिंदी जवानांची नावे कोरलेले स्मारक आहे, त्यावर त्यांचे नाव आहे. आणि जुलै २०२३ मध्ये पेरूजिया प्रांतातील मोन्तोने गावच्या लोकांनी त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. जवळपास ऐंशी वर्षांनी एका इटालियन गावाला कुलाब्याचा शिपाई आठवला, याचे आम्हांस फार अप्रूप वाटले. येथून इटलीला सहलीस जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी पेरूजियाकडे वाट वाकडी करावी.

भारतात जाणारी आपली मंडळी नवगावचे जुने कब्रस्तान पाहतात, खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या टाप्यावर मलिदा करतात आणि अलिबागहून मुंबईला परततात. एक दिवस जास्त काढता आला तर माणगावची एस. टी. धरावी. कोकण रेल्वेचे स्टेशनही तेथे आहे. उतरल्यावर तहसील कचेरी कोणालाही विचारा. तिच्या आवारात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे.