हुकूम म्हणे फक्त 'धरा'चा होता! राघोबादादांचा नामानिराळं राहण्याचा डाव कसा फसला?

एखादा घोटाळा बाहेर येतो. नेता सांगतो, मला काहीच माहीत नव्हतं, खालच्या लोकांनी परस्पर केलं. मग एखादा अधिकारी निलंबित होतो आणि नेता नामानिराळा राहतो. राजकारणाच्या भाषेत याला प्लॉझिबल डिनायबिलिटी म्हणतात. म्हणजे हात झटकायला जागा राहील अशा बेताने दिलेला हुकूम.

मराठीत याच्यासाठी अडीचशे वर्षांपूर्वीचाच शब्द आहे, 'ध चा मा'. आणि त्याच्या मध्यभागी उभा आहे एक पराक्रमी माणूस, रघुनाथराव पेशवे उर्फ राघोबादादा.

राघोबादादांचा जन्म १७३४ चा. पहिले बाजीराव आणि काशीबाईंचे हे चिरंजीव, नानासाहेब पेशव्यांचे धाकटे भाऊ. तलवार चालवण्यात वडिलांवर गेलेले. १७५८ मध्ये मराठी फौजा लाहोरात शिरल्या, त्या मोहिमेचे सेनापती तेच होते. 'अटकेपार झेंडे लावले' असं आपण आजही म्हणतो, ते याच मोहिमेमुळे. पण मोहिमेच्या हिशोबात ते कच्चे होते. नाव झालं, तिजोरीवर मात्र कर्ज चढलं.

१७६१ मध्ये पानिपत झालं. त्याच वर्षी नानासाहेब गेले आणि पेशवाईची वस्त्रं १६ वर्षांच्या माधवरावांना मिळाली. अटकेपर्यंत धडक मारलेल्या काकांना पुतण्याच्या हाताखाली राहणं काही जमेना. १७६२ मध्ये त्यांनी निजामाची मदत घेऊन थेट पुतण्याशीच लढाई केली. घरातली फूट वाढू नये म्हणून माधवराव स्वतःहून काकांच्या स्वाधीन झाले. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला दोघांनी मिळून निजामाला हरवलं. पण काकांची धुसफूस थांबली नाही. शेवटी १७६८ मध्ये धोडपला माधवरावांनी त्यांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

१७७२ मध्ये माधवराव थेऊरला वारले. धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. वय अवघं १७. काका पुन्हा वाड्यातच कैदेत.

आता येते ती तारीख. ३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस होते. वाड्याच्या पहाऱ्यावरचे गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, पगार थकल्याची तक्रार करत भर दुपारी आत घुसले. सुमेरसिंग आणि मोहम्मद युसूफ हे त्यांचे म्होरके. जीव वाचवायला नारायणराव धावले ते थेट काकांच्या दालनात. त्यांनी काकांना मिठी मारली, वाचवण्याची विनवणी केली. गारद्यांनी त्यांना तिथेच कापून काढलं. मध्ये पडलेले सेवकही मारले गेले.

मग सुरू झाली हात वर करण्याची गोष्ट. नारायणरावांना फक्त धरायचं ठरलं होतं, मारायचं नव्हतं, ही दादांची बाजू. त्यावर लोकांमध्ये कथा पसरली की, चिठ्ठीत 'धरावे' लिहिलं होतं आणि दादांच्या पत्नी आनंदीबाईंनी 'ध' खोडून 'मा' केला. म्हणजे 'मारावे'. आनंदीबाईंचा यात किती हात होता, यावर इतिहासकारांचं एकमत नाही.

पण या कथेचा फायदा कोणाला झाला ते बघा. सगळी चर्चा एका अक्षरावर अडकली आणि बोट बायकोकडे गेलं. क्षणभर धरून चालू की हुकूम फक्त 'धरा'चाच होता. तरी चालू पेशव्याला कैद करण्याचा कट काय कमी गंभीर आहे? पगारासाठी चिडलेल्या, हत्यारबंद लोकांना वाड्यात सोडल्यावर काय होऊ शकतं, हे आयुष्यभर फौजा हाकलेल्या माणसाला कळत नसेल? आणि खुनानंतर दादांनी काय केलं? मारेकऱ्यांना शिक्षा दिली नाही. पेशवाईची वस्त्रं मात्र घेतली.

इथे कथेत येतात न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. त्यांनी चौकशी केली आणि मारेकऱ्यांवर न थांबता वर हुकमापर्यंत गेले. सत्तेवर बसलेल्या पेशव्यालाच त्यांनी दोषी ठरवलं आणि याला देहांताशिवाय प्रायश्चित्त नाही असं तोंडावर सांगितलं. दादांच्या राज्यात न्यायदान करायचं नाही म्हणून त्यांनी पद सोडलं आणि पुणेही सोडलं.

निकाल अमलात आणायला रामशास्त्रींकडे फौज नव्हती. पण दादांचं 'मला माहीत नव्हतं' तिथेच संपलं. नाना फडणवीस, सखारामबापू आणि इतर कारभाऱ्यांनी एकत्र येऊन बारभाईंचं कारस्थान उभं केलं. एप्रिल १७७४ मध्ये नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर मुलगा झाला. ४० दिवसांच्या सवाई माधवरावांना पेशवेपद मिळालं आणि दादा बाहेर फेकले गेले.

गेलेली गादी परत मिळवायला ते इंग्रजांकडे गेले. १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई देऊ केली. त्यातूनच पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना नमतं घ्यावं लागलं. अखेर १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनीही दादांचा पक्ष सोडला. त्यांना महिना २५ हजार रुपये ठरले. १७८३ मध्ये कोपरगावात त्यांचा मृत्यू झाला.

हिशोब मांडला तर चित्र ओळखीचं वाटेल. हत्यार चालवणाऱ्यांतल्या काहींना पुढे पकडून ठार करण्यात आलं. ज्यांच्यासाठी ते चाललं, त्यांना तनखा मिळाला. आणि बदनामी सर्वात जास्त आली ती आनंदीबाईंच्या वाट्याला.

म्हणून पुढच्या वेळी कोणी म्हणालं की खालच्यांनी हुकूम चुकीचा वाचला, तर अक्षर कोणी बदललं एवढंच विचारून थांबू नका. चिठ्ठी मुळात कोणी लिहिली आणि नंतर वस्त्रं कोणी घेतली, हेही विचारा. रामशास्त्रींनी १७७३ मध्ये तेच केलं होतं.